घरपट्टीच्या पावतीवरचा एक रकाना

सातवीच्या मुलांना टक्केवारी शिकवताना आम्ही दरवर्षी घरून एखादी पावती आणायला सांगतो. यंदा घरपट्टीच्या पावत्या मागवल्या. मुलांनी खालची बेरीज लगेच वाचली, वरचे रकाने मात्र त्यांच्यासाठी नवे होते. घरकर, दिवाबत्ती, पाणीपट्टी आणि मध्येच एक लहानसा आकडा, आरोग्य कर. काही गावांत त्यालाच सफाई कर म्हणतात. एका मुलीने विचारलं, "सर, मग आमच्या गल्लीत झाडायला कुणी का येत नाही?" टक्केवारीचा तास तिथेच संपला.

प्रश्न रास्त होता. साजगावच्या एका अंगाला खोपोलीची नगरपरिषद, दुसऱ्या अंगाला खालापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायती. मधल्या पट्ट्यात कारखाने, कामगारांच्या चाळी, भाड्याच्या खोल्या आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. माणसं वाढली, प्लॅस्टिक त्याहून वाढलं. झाडणारे हात मात्र कमी झाले. आमच्या ओळखीच्या एका ग्रामपंचायतीत (नाव लिहीत नाही, शेजारच्या दोन-तीन गावांतही हेच आहे) पूर्वी चार बायका पहाटे निघायच्या. दोघी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेल्या दोघी आता बाजाराचा रस्ता रोज झाडतात आणि मोहल्ल्यात आठवड्यातून एकदा येतात. तेही कुणाकडे लग्न असलं किंवा पुढारी येणार असला तर चुकतं.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. पैसा नाही हे उत्तर अर्धवट आहे. स्थानिक संस्थांनी आस्थापनेवर, म्हणजे पगारावर, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, अशी मर्यादा राज्यात आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली, तेव्हापासून त्या शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. उत्पन्न वाढत नाही, टक्का ओलांडता येत नाही, मग रिकामी जागा रिकामीच राहते. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याच्या किमान वेतनात शासन हिस्सा देतं, पण तो गावाच्या करवसुलीशी जोडलेला आहे. वसुली कमी, तर हिस्साही कमी. आपण घरपट्टी थकवली की त्याचा फटका सरपंचाच्या आधी त्या झाडूवाल्या बाईला बसतो.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२५-२६ पर्यंतचा होता. त्यातला साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखलेला. घंटागाड्या, कचराकुंड्या, खतखड्डे असं बरंच त्यातून झालं. उरलेला अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार देता येत नाही असा नियमच होता. म्हणून गावोगाव घंटागाडी दिसते आणि ती चालवायला, मागे चालत कचरा उचलायला माणूस दिसत नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर अशी एक गाडी पिंपळाखाली उभी असते. कोंबड्या तिच्यात बसतात.

मोठ्या शहरांनी यावर ठेकेदाराचा उपाय काढला. मुंबईत कचरा उचलणाऱ्या ठेका कामगारांनी 'कचरा वाहतूक श्रमिक संघा'मार्फत वर्षानुवर्षं लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७०० कामगारांना महापालिकेच्या सेवेत कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. तोवर त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती. बचत कुणाची झाली, हे ज्याने त्याने ठरवावं.

आमच्याकडे त्याचा हिशेब पावसात होतो. खालापूर-कर्जतचा पाऊस वाचकांना सांगायला नको. जूनची पहिली मोठी सर आली की मेपर्यंत गटारात साठलेल्या पिशव्या रस्त्यावर येतात. फजरला निघालेले म्हातारे बुजुर्ग त्याच पाण्यातून मशिदीत पोहोचतात आणि पाय पुन्हा धुतात. मुलं शाळेत ओल्या बुटांनी बसतात. जुलैत वर्गातली हजेरी घसरते, ताप असतो, आणि डॉक्टरची फी घरपट्टीपेक्षा जास्त होते. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. गल्ली झाडायची राहिली की दाराबाहेरचा हिस्सा घरातली बाई झाडते, तीही मोजली जात नाही. आणि उरलेला कचरा ओहोळातून पाताळगंगेत जातो. खोपोलीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. खालच्या गावांना आणि कारखान्यांना तिचाच आधार आहे.

साजगावची यात्रा भरते तेव्हा मात्र वेगळं चित्र दिसतं. 'बोंबल्या विठोबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. आमच्या घरांतली सुकटीची बेगमीही तिथूनच होते. गर्दी येणार म्हणून झाडायला जादा माणसं लावली जातात. म्हणजे ठरवलं की माणसं मिळतात.

हदीसमध्ये मशीद झाडणाऱ्या एका बाईचा उल्लेख आहे. ती दिसेनाशी झाली तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी तिची चौकशी केली. ती वारली, असं कळलं. आपल्याला का कळवलं नाही, असं विचारून ते तिच्या कबरीवर गेले आणि नमाज पढले. लोकांनी तिचं जाणं किरकोळ मानलं होतं. आपल्या गल्लीतली मावशी चार दिवस आली नाही तर आपण कचऱ्याची तक्रार करतो. तिला ताप आहे का, पगार झाला का, हातमोजे मिळाले का, हे विचारायला कुणी जात नाही.

ईद-उल-अजहा जवळ आली की या सगळ्याचा कस लागतो. कुर्बानीनंतरचे अवशेष गटारात किंवा उकिरड्यावर टाकले तर उरलेल्या दोघी बायकांनी काय करायचं? जमातीने आधीच जागा ठरवून खोल खड्डा घ्यावा, वर चुना आणि माती टाकावी, आणि गल्लीतल्या तरुणांनी दुपारपर्यंत रस्ते धुऊन काढावेत. खर्च फार नाही. घरातल्या बायकांनी एकदा बजावलं की पुरुष ऐकतात, हा आमचा अनुभव आहे.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. आमच्या मोहल्ल्यातून तिथे फारसं कुणी जात नाही. १५ ऑगस्टच्या सभेआधी जावं. पावती सोबत न्यावी आणि विचारावं, गेल्या वर्षी आरोग्य कर किती जमला, त्यातला झाडण्यावर किती गेला, आणि निवृत्त झालेल्या दोघींच्या जागा कधी भरणार? प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा, कारण तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं. सातवीची ती मुलगी अम्मीला घेऊन जाणार आहे. टक्केवारी ती काढून देईल.