मेलेला परत येतो तेव्हा

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझा एक दोष ठाऊक आहे. वय साठीच्या पलीकडे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी अमेरिकेतले ते उडणारे, हातोडे फेकणारे वीर पडद्यावर आले की माझे चित्त थाऱ्यावर राहत नाही. ‘हे काय बाई पोरकट वेड!’ हे वाक्य आमच्या घरात अधूनमधून ऐकू येते. ते कोण म्हणते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. पण परवा चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता त्याच व्यक्तीने विचारले, “अहो, तो लोकी मेला होता ना?” आणि मला दिवाळी अंकाचा विषय मिळाला.

लोकी मेला होता. 2018 च्या ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मध्ये थॅनोसने त्याला गळा आवळून मारले, आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत. 2021 साली तोच लोकी स्वतःच्या नावाची मालिका घेऊन घरच्या पडद्यावर हजर! खुलासा असा, की हा तो नव्हे. काळाला फुटलेल्या दुसऱ्या फाट्यावरचा हा निराळा लोकी. बरे, मालिका वाईट असती तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण 2023 च्या दुसऱ्या पर्वात तो शेवटी सगळ्या काळांचे धागे मुठीत धरून एकटाच बसतो, ते पाहून मी चहा गार होऊ दिला. म्हणजे तक्रार करायलाही धड जागा नाही.

बाकीच्यांचे काय सांगावे? ‘लोगन’ नावाच्या 2017 च्या चित्रपटात म्हातारा, थकलेला व्हुल्व्हरीन मेला. असला सुंदर मृत्यू या जातीच्या चित्रपटांत मी दुसरा पाहिलेला नाही. 2024 साली ‘डेडपूल अँड व्हुल्व्हरीन’ आला. त्याच्या आरंभीच त्या बिचाऱ्याचे थडगे उकरून हाडे बाहेर काढतात आणि त्या हाडांनीच मारामारी होते. पुढे दुसऱ्या विश्वातला व्हुल्व्हरीन येतो. नट तोच, ह्यू जॅकमन. थिएटरात हशा पिकला. मीही हसलो, नाही असे नाही. पण घरी आल्यावर कोणाच्या तरी तेराव्याला जाऊन विनोद सांगून आल्यासारखे वाटत राहिले.

आणि तो पॅल्पटीन! 1983 च्या चित्रपटात त्याला खोल विवरात फेकून दिले होते. 2019 च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये स्वारी पुन्हा हजर. कसा आला, याचा धड खुलासा कोणी करीत नाही. आमच्या चाळीत दोन वर्षे भाडे थकवून पळालेला भाडेकरू एकदा असाच परत आला होता. पण त्याने निदान कारण तरी सांगितले होते.

आता मुख्य गोष्ट. 2019 च्या एप्रिलात ‘ॲव्हेंजर्स : एण्डगेम’ आला तेव्हा आमची कन्या कॉलेजात होती. सकाळी सातच्या खेळाची तिकिटे तिनेच काढली. तीन तासांचा चित्रपट. 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून जो टोनी स्टार्क आम्ही बापलेकीने मिळून पाहिला, तो सुरुवातीला किती आढ्यतेखोर, दारुगोळा विकणारा माणूस होता! शेवटी तोच जगासाठी चुटकी वाजवतो आणि करपून जातो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी थिएटरात कोणी खुर्ची वाजवली नाही. शेजारी पाहिले तर कन्या ओढणीने डोळे पुसत होती, आणि माझ्या चष्म्याची काचही ओली होती. परतताना लोकलमध्ये ठाण्यापर्यंत आम्ही बोललो नाही. स्टेशनवर उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “बाबा, संपलं ते नीट संपलं.”

2024 च्या जुलैत एका रविवारी सकाळी तिचा बंगळुरूहून फोन आला. आता ती तिथे नोकरी करते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मेळाव्यात एका माणसाने हिरवा झगा आणि मुखवटा घालून रंगमंचावर येऊन मुखवटा काढला, आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर! यापुढच्या ॲव्हेंजर्स चित्रपटात तो डॉक्टर डूम होणार, असे जाहीर झाले. हजारो माणसे आनंदाने किंचाळली. मला वाटले, पोरगी खूश असेल. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “बाबा, मग तेव्हा आपण रडलो ते कशाला?”

याला उत्तर मला सुचले नाही. व्यापाराचे कारण मला कळते. ‘एण्डगेम’ने जगभर सुमारे 280 कोटी डॉलर मिळवले, 2023 च्या ‘द मार्व्हल्स’ला वीस कोटींच्या आसपास मिळाले. दुकान बसायला लागले की दुकानदार जुने गिऱ्हाइकी नाणे काढतो. पण आमचे अश्रू त्याच्या गल्ल्यात जमा होते, हे त्याला कोणी सांगावे?

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र मला चांगलेच पकडले. “अहो, तो टोनी म्हणून थोडाच येतोय? दुसरं काम करतोय. तुमचे अजय पुरकर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू होऊन मेले आणि पुढच्याच वर्षी ‘सुभेदार’मध्ये तानाजी होऊन मेले. तेव्हा तर तुम्ही टाळ्या वाजवल्या!”

मुद्दा बिनतोड होता. दिग्पाल लांजेकरांची ती शिवकालीन मालिका आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, आणि 2022 च्या ‘पावनखिंड’ला तर पंच्याऐंशी वर्षांच्या आईलाही नेले होते. मी एक दिवसभर विचार केला. मग लक्षात आले, की ‘सुभेदार’ पाहताना थिएटरात एकही माणूस ‘बाजी परत आले’ असे म्हणाला नाही. बाजी घोडखिंडीत पडले ते पडले. सॅन डिएगोला मात्र लोक डूमसाठी ओरडले नाहीत. गेलेला माणूस परत आल्यासारखे ओरडले, आणि त्यांनी तसेच ओरडावे म्हणून तो मुखवटा काढवला होता. हे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, “बरं, चकल्या तळायला घ्या.” म्हणजे अर्धे पटले असावे.

आईचे मला त्या दिवशी नवल वाटले. लहानपणापासून कीर्तनात, पोवाड्यात बाजींची कथा तिने किती वेळा ऐकली असेल! विशाळगडावरून तोफा होणार आणि मग बाजी प्राण सोडणार, हे तिला ठाऊक. तरी ती पदराचे टोक मुठीत धरून, तोफ होईपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून होती.

हेच मला ‘अँडोर’मध्ये सापडले. टोनी गिलरॉय यांची ही मालिका, 2022 आणि 2025 मधली दोन पर्वे, एकूण चोवीस भाग. कॅसियन अँडोर मरणार हे आपण 2016 च्या ‘रोग वन’मध्ये आधीच पाहून बसलेलो असतो. तरी भाग संपवून उठवत नाही. त्यात एक तुरुंग आहे. पाण्याच्या मधोमध, कैदी अनवाणी, आणि जमिनीतून विजेचा धक्का. मुकादम किनो लॉय आपल्या सुटकेचे दिवस मोजत इतरांना कामाला जुंपत असतो. मग कळते, की सुटलेला कैदी दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कैदीच होतो. तेव्हा तोच मुकादम सगळ्यांना पेटवतो. हजारो माणसे धावत कडेला येतात, खाली उड्या टाकतात, आणि हा तिथेच उभा राहून सांगतो, की आपल्याला पोहता येत नाही. अँडी सर्किस या नटाचा तो चेहरा मी विसरणार नाही. त्याचे पुढे काय झाले, ते दोन्ही पर्वांत दाखवलेले नाही. तलवारीवाल्या जेडाय मंडळींशिवाय हे सारे जमवले, याचे श्रेय गिलरॉयना द्यावेच लागेल.

कन्या दिवाळीला आली आहे. धनत्रयोदशीच्या रात्री फराळाची ताटली घेऊन आम्ही दोघे ‘अँडोर’ पुन्हा लावायला बसलो, तशी आई काठी टेकत आली.

“काय रे, हा शेवटी मरतो का?”

“हो, आई.”

“आणि परत येतो?”

“नाही आजी, हा नाही येत,” कन्या म्हणाली.

“मग सरक जरा. आणि काय बोलतात ते मला मराठीत सांगत जा गं.”