शिकारीचा हंगाम गेला, बंदूक उरली

१९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा म्हटला की आज डोळ्यांपुढे उभी राहते ती सरसकट बंदी. परंतु तो कायदा जन्मला तेव्हा त्यात शिकारीला जागा होती. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि सापळे लावून धरणे असे परवान्यांचे प्रकार होते, आणि परवाना घेतलेल्या शिकाऱ्याने काय करू नये याची लांबलचक जंत्री सतराव्या कलमात दिलेली होती. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी शिकार नको, कृत्रिम प्रकाश टाकून नको, मोटारीतून नको, खासगी जमिनीत मालकाच्या संमतीवाचून नको, बंदीच्या काळात तर परवाना असूनही नको. त्याच जंत्रीच्या शेवटी असेही म्हटले होते की, कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करायची ती फक्त पाणपक्षी, चकोर, तित्तर आणि लावा यांची. अन्य प्राण्यांमागे कुत्री घालायची नाहीत. १९९१ साली दुरुस्ती होऊन शिकारीचे परवाने बंद झाले आणि त्यांच्याबरोबर ही जंत्रीही कायद्याच्या पुस्तकातून निघून गेली. परवानाच उरला नाही, तर परवानाधारकाने कसे वागावे हे सांगायचे कशाला, हा विचार तर्काला धरूनच होता. शिवारातला व्यवहार मात्र तर्काने चालत नाही.

त्या कलमाचा हेतू प्राण्यांचे रक्षण हा होता, माणसांचे नव्हे. तरीही त्यातून माणसांचेही एक रक्षण नकळत साधत होते. तित्तराचा शिकारी पायी चालतो. कुत्र्याच्या मागोमाग गवतातून, बोरी-बाभळीच्या खुरट्या झुडपांतून वाकत जातो. त्याची नजर कुत्र्यावर असते आणि हातात छर्ऱ्याची बंदूक असते. त्या छर्ऱ्याचा उपयोगी पल्ला चाळीस-पन्नास मीटरांचा. हरणामागे जाणारा शिकारी याच्या नेमका उलट. तो एका जागी दडून बसतो, हालचालीची वाट पाहतो, आणि त्याच्या रायफलीची गोळी नेम चुकला तर दोन किलोमीटरांच्या पलीकडेही जाऊ शकते. एकाच माळावर, एकाच वेळी हे दोघे आले, तर पहिल्यापासून दुसऱ्याला फारसे भय नाही. दुसरा मात्र पहिल्याला न पाहताच ठार करू शकतो. गवतात हलणारे कुत्रे आणि गवतात हलणारे पाडस यांतला फरक संधिप्रकाशात कोणालाही सांगता येत नाही.

ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे त्यांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या अखेरीस हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. त्या दिवसांत पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्यालाही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडे घालावेच लागतात. सूट आहे ती पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना. जाणते लोक कुत्र्याच्या अंगावरही तसलेच जाकीट चढवतात आणि गळ्यात घंटा बांधतात. हरणाला तो रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो. सारा उपाय एवढ्या साध्या गोष्टीवर उभा आहे. तो पुरेसा नसतो हेही तिथेच दिसले. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमधील एका कुरणावर अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी लाव्यांची शिकार करीत होते. पक्षी उडाला, बंदूक त्याच्याबरोबर वळली, आणि छर्रे बसले ते त्यांचेच सोबती, ७८ वर्षांचे वकील हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर. व्हिटिंग्टन यांच्या अंगात नारिंगी कपडे होते. ते आधी पाडलेला पक्षी शोधायला मागे राहिले होते आणि परत येत असल्याचे बंदूक धरणाऱ्याला ठाऊक नव्हते. सुदैवाने ते वाचले. परवाने, पैसा आणि दिमतीला सुरक्षारक्षक असे सगळे असताना जी चूक झाली, ती माणूस नेमका कुठे आहे हे माहीत नसल्याची चूक होती.

धाराशिव जिल्ह्याचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. येथे हरणाचा हंगाम नाही आणि तित्तराचाही नाही. काळवीट मारणे हा गंभीर गुन्हा आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पाठलाग करणे, फास लावणे, जाळ्यात धरणे, इतकेच काय नुसता प्रयत्न करणेही येते. तेव्हा ससाण्याच्या चपळाईने धावणारे कारवान कुत्रे सशामागे सोडणे, हादेखील गुन्हाच आहे. कागदावर प्रश्न मिटलेला आहे. परंतु भूम, परंडा, वाशीकडच्या माळरानांवर किंवा तेरणा-मांजरेच्या काठच्या उसाच्या फडांत हिवाळ्याच्या रात्री कोण कोण असते, याची यादी एकदा करून पाहावी. वीज रात्रपाळीची असली की शेतकरी पाणी द्यायला बांधावर असतो. ज्वारी निसवल्यावर आणि हरभरा घाट्यावर आल्यावर जागलीला आलेला गडी असतो. मेंढरे बसवलेला धनगर आणि त्याची कुत्री असतात. फडाच्या कडेला कोपी घालून राहिलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबे असतात, आणि त्यांची मुले पहाटे त्याच फडाच्या आडोशाला जातात. याच अंधारात बॅटरीचा झोत टाकीत, कुत्री घेऊन चोरून फिरणारी टोळकी असतात. जुन्या जंत्रीने मना केलेल्या सगळ्या गोष्टी ही मंडळी एकाच रात्रीत करतात: रात्री फिरतात, झोत टाकतात, दुसऱ्याच्या रानात शिरतात, भलत्या जनावरामागे कुत्री घालतात. परवानाधारक शिकाऱ्याला लोकांनी आपल्याला पाहिलेले चालत होते. चोरट्या शिकाऱ्याची पहिली गरजच आपण दिसू नये ही असते. त्याच्याकडून भडक रंगाची अपेक्षा कोण करणार?

येथे एका समाजाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चोरटी शिकार म्हटली की जिल्ह्यात पहिला संशय फासेपारध्यांवर जातो. पारध्याची परंपरागत विद्या फासाची आहे. माणसाळवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने पुढे सरकणे, पाळीव तित्तराला बोलायला लावून रानातल्या तित्तराला फासाशी आणणे, ही ती विद्या. कायद्याने ती आज निषिद्ध आहे आणि ते मान्यच केले पाहिजे. पण तिच्यात बंदूक नाही, विजेची तार नाही, स्फोटक नाही. फासाने आजवर वाटसरू मेला नाही. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ साली त्या शिक्क्यातून कागदोपत्री सुटलेल्या या समाजाला अजून रात्री रानात दिसण्याचीच भीती बाळगावी लागते. तित्तराची जोडी बाळगणारा पारधी सापडतो आणि जीपमधून आलेला बंदूकवाला निसटतो, असा बंदोबस्त असेल, तर त्याने तित्तर वाचतील कदाचित, माणसे वाचणार नाहीत.

खरे संकट आहे ते रानडुकराच्या निमित्ताने शिवारात आलेल्या हत्यारांचे. उसाच्या वाढत्या क्षेत्राने रानडुकराला बारमाही आसरा दिला. एका रात्रीत भुईमूग उकरून टाकणाऱ्या या जनावरापुढे शेतकरी हतबल झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शहरात बसून वन्यप्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी पौषातली एक तरी रात्र जागलीच्या माळ्यावर काढावी, म्हणजे शेतकऱ्याचा संताप त्यांना कळेल. परंतु त्या संतापातून कुंपणाच्या तारेत उघडी वीज सोडली जाते, मांसाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवून ठेवले जातात. ती तार डुकराला ओळखत नाही. तिला शेजारचा शेतकरी चिकटतो, बैल चिकटतो, मेंढ्यांमागे धावलेले कुत्रे चिकटते. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत येडशी-रामलिंग घाटात आलेला वाघ अशाच शेतशिवारांतून वाट काढीत आला. वाटेतल्या एखाद्या तारेने त्याचा प्रवास संपला नाही, हा योगायोगच म्हणायचा.

शासनाने यावर मार्ग काढला आहे तो परवान्याचा. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा रोही यांना मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कायद्याच्या अकराव्या कलमात आहे, आणि राज्यात हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत सोपवला गेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तजवीज आहे. म्हणजे १९९१ साली पुढच्या दाराने गेलेली परवान्याची बंदूक मागच्या दाराने परत आली. तिच्याबरोबर जुनी जंत्री तेवढी आली नाही. त्यातही बहुसंख्य शेतकऱ्यांपाशी बंदूक नसते. परवाना एकाच्या नावे, बंदूक दुसऱ्याची, आणि गोळी झाडणारा तिसऱ्या गावचा, असे होणे मग ओघानेच आले. धनगराचा वाडा आज कुठे बसला आहे, कोपी कोणत्या बांधाला आहे, हे त्या तिसऱ्याला कोण सांगणार? परवान्यात कोणता प्राणी मारायचा एवढे येते. शिवारात कोणती माणसे आहेत हे येत नाही.

म्हणून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने सतराव्या कलमाचे मर्म परवान्याच्या अटींत पुन्हा आणले पाहिजे. परवान्याची रात्र आणि गट क्रमांक आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा आणि दवंडी पिटली जावी. भटक्या धनगरांना आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाला ते तोंडी सांगण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर असावी. रानडुक्कर रात्रीच येते, तेव्हा रात्रीची बंदी घातली तर परवाना निरर्थक ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचेही उत्तर जुन्या शिकाऱ्यांपाशी होते. माचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जाते. सपाटीवर उभे राहून झाडलेली पुढच्या वस्तीत. तेव्हा रात्रीची गोळी माचाणावरूनच झाडली जावी, आणि खाली उतरून, पळत, कुत्र्यांच्या मागे धावत बंदूक चालवण्याला सक्त मनाई असावी. कुत्र्यांनी उठवलेले डुक्कर कोणत्या दिशेला फुटेल हे कुत्र्यांनाही ठाऊक नसते, आणि जखमी डुक्कर उसात शिरले तर त्याच्या मागे अंधारात जाणारा माणूस दोन्हीकडून धोक्यात असतो. बरोबरच्या प्रत्येकाच्या अंगावर रस्त्याच्या कामावरील मजूर घालतात तसले चमकणारे जाकीट असावे. त्याची किंमत एका काडतुसाच्या पेटीहून जास्त नाही.

या अटींनी शिकारीला प्रतिष्ठा मिळेल, अशी भीती काही निसर्गप्रेमी व्यक्त करतील. बंदी योग्यच होती आणि आहे. माळरानावरचे काळवीट, चिंकारा आणि तित्तर आज जे काही उरले आहेत ते तिच्यामुळे. परंतु बंदीच्या नावाखाली परवान्याच्या बंदुकीला मोकळे सोडणे म्हणजे बंदी नव्हे. शेतकरी म्हणतील, आधीच परवाना मिळायला हेलपाटे, त्यात या अटी. त्यांच्यासाठी शासनाने परवान्याची मुदत आणि नुकसानभरपाईची चौकशी दोन्ही दिवसांच्या हिशेबात आणावी, महिन्यांच्या नव्हे. भरपाई वेळेवर हाती पडली तर निम्म्या तारा आपोआप उतरतील. आणि उघड्या तारेत वीज सोडणाऱ्यावर वीजचोरीचा किरकोळ खटला भरून भागणार नाही. माणूस मरण्यापूर्वी, तार दिसताच ती काढण्याचा अधिकार आणि तसे करण्याची सक्ती गावच्या वायरमनवर असली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकारी, वनखाते आणि वीज कंपनी यांनी मिळून काढलेला एक आदेश पुरे आहे. मात्र रब्बीची ज्वारी निसवण्याआधी आणि ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरण्याआधी तो गावोगावच्या चावडीवर पोचलेला असावा.