आमच्या पोराला हाक मारा

गल्लीतल्या, पेठेतल्या मंडळींनो,

आमचा मुलगा 26 वर्षांचा आहे. त्याला पैसे मोजता येत नाहीत, वार कळत नाहीत. पण शाहू स्टेडियमवर ‘पाटाकडील’ आणि ‘शिवाजी’ या संघांची फुटबॉल मॅच असली, की हा सकाळपासून चप्पल घालून उंबऱ्यावर बसतो. त्याला कोण सांगतं, देव जाणे.

लहान होता तेव्हा त्याला कुणीही कडेवर घ्यायचं. मिसरूड फुटली आणि लोक पोरींना घरात बोलवायला लागले. तो हसत जवळ येतो, मोठ्यानं बोलतो, हात धरतो. त्यात वाईट काही नसतं. आवडलं नाही तर “हात सोड” म्हणा, तो सोडतो. आम्हाला येऊन सांगा, पण त्याच्यासमोर “वेडं हाय” म्हणू नका. त्याला ते कळतं. त्या दिवशी तो जेवत नाही.

शाळा होती तोवर दिवस सरत होता. शेंडा पार्कातल्या ‘चेतना’सारख्या संस्थांनी कोल्हापुरात अशा कितीतरी मुलांना हाताशी धरलंय. पण घरी परतल्यावर संध्याकाळ गल्लीतच काढायची असते. याची आई अंबाबाईकडे एवढंच मागते, की मला याच्यापेक्षा एक दिवस जास्त दे. मला हे मागणं पटत नाही. डोंबिवलीजवळ खोणीला अशा मुलांना आपल्या माघारीही राहता यावं म्हणून पालकांनीच एकत्र येऊन ‘घरकुल’ उभं केलं. तसं इथं व्हायला वेळ लागेल, तोवर शेजार तरी हवा.

आमच्यासारख्या पालकांना एक सांगतो. मूल 18 वर्षांचं झालं, की कायद्यानं आपण त्याचे आपोआप पालक राहत नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आम्हाला हे कळलं तो 22 वर्षांचा झाल्यावर, एका बँकेच्या खिडकीपाशी. चूक आमचीच. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ या आरोग्य विम्यात 1 लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो, त्याचीही चौकशी करा. ज्यांना अर्ज लिहायला जमत नाही, त्यांच्यासाठी मी रविवारी सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसतो.

आणि तालमीतल्या पोरांनो, पुढच्या मॅचला आमच्या दारावरून जाताना त्याला हाक मारा. तिकिटाचे पैसे मी देतो. फक्त गोल झाल्यावर त्याचा हात धरून ठेवा, तो मैदानात पळतो.

— एक बाप, कोल्हापूर