कोणता घोडा जिंकेल?

जुलै महिना लागला आणि पुण्याच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या शिरूर-दौंडच्या पेठांतून एकच प्रश्न ऐकू येतो; तो हा की, ‘उद्या कोणता घोडा?’ दौंडच्या फलाटावर पुण्याची गाडी धरणारे, शिरूरच्या बाजारात तराजू धरून बसलेले, आणि ज्यांनी जन्मात कधी रिकिबीत पाय घातला नाही असे कारकूनही या प्रश्नाचा असा काथ्याकूट करतात की, ऐकणाऱ्यास हे सारे अश्वपरीक्षक आहेत असे वाटावे. वर्तमानपत्राने या कामी मार्ग दाखवावा अशी पुष्कळांची अपेक्षा असते. म्हणून आज आम्ही हा प्रश्न हाती घेऊन आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे सरळ उत्तर देणार आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, घोड्याविषयी किंवा शर्यतीविषयी आमच्या मनात तिटकारा नाही. तो असता तर आम्ही या मुलखाचे म्हणवून घेण्यास पात्र ठरलो नसतो. शिरूरला लोक आजही घोडनदी म्हणतात. 1817 साली पुण्याच्या तहान्वये जे घोडदळ उभारले गेले व जे पुढे पूना हॉर्स म्हणून प्रसिद्धीस आले, त्याचे मूळ ठिकाण हेच. दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी. आणि ज्या काटक, अल्पसंतुष्ट घोड्यांच्या पाठीवर मराठ्यांचे स्वार दूरदूरच्या मोहिमा करून आले, त्या घोड्यांसही याच थडीने आपले नाव दिले. तेव्हा घोडा धावताना पाहून ज्याचे रक्त उसळत नाही, त्यास उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही.

आता उत्तराकडे वळू. शर्यतीचा अंदाज करण्याची जी रीत जाणते लोक सांगतात, ती अगदीच निराधार नाही. पहिली गोष्ट अंतर. हजार मीटरांच्या शर्यतीत जो घोडा सुटताक्षणी उसळी घेतो त्याचे पारडे जड. तोच घोडा इंडियन डर्बीसारख्या 2400 मीटरांच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर ढेपाळतो, आणि आरंभी मागे राहून दम राखणारा पुढे निघतो. दुसरी गोष्ट जमीन. पुण्याचा हंगाम म्हणजे पावसाळा; रात्री सर आली की कोरड्या जमिनीवरचा वेगवान घोडा ओल्या हिरवळीवर मंदावतो, आणि काल कोणी विचारीत नव्हते तो आज पुढे येतो. तिसरी गोष्ट जॉकी. चौथी, मागच्या धावा. पाचवी, शर्यतीपूर्वी घोडी फिरवितात तेव्हा दिसणारी त्यांची चाल, कांती व घाम. एवढे पाहून जो अंदाज करील, तो डोळे मिटून नाव घेणाऱ्यापेक्षा खचित बरा.

परंतु येथेच खरी गोम आहे. पुष्कळशा शर्यतींत घोड्यांवर सारखे वजन नसते. चांगल्या घोड्यावर जास्त व कच्च्यावर कमी वजन ठेवून सर्वांस एका पातळीवर आणण्याकरिता क्लबाने एक तज्ज्ञ नेमलेला असतो. त्यास हँडिकॅपर म्हणतात. सर्व घोडे शेवटच्या खांबाशी बरोबरीने यावेत, हे त्याच्या कौशल्याचे परमोच्च यश! म्हणजे निकाल अनिश्चित व्हावा याकरिता सर्व घोड्यांची बित्तंबातमी असलेला मनुष्य आधी झटतो. आणि मग कोपऱ्यावरचा टिप देणारा आठ आण्यांच्या चोपड्यावरून तो निकाल निश्चित सांगतो! यांपैकी अधिक जाणता कोण, हे वाचकांनीच ठरवावे. शिवाय, ज्यास विजयी घोडा खरोखर ठाऊक आहे, तो ते गुपित विकत कशाला बसेल?

बरे, अंदाज पुष्कळदा खरा ठरला असे मानू. तरी हिशेब काय सांगतो? पैजेच्या रकमेतून क्लबाचा किंवा बुकीचा वाटा व सरकारचा कर निघून जातो, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जाते. उदाहरणार्थ, शंभरांतून वीसच रुपये कापले जातात असे धरा. हाती आलेली रक्कम पुन्हा पुढच्या शर्यतीवर लावणाऱ्या मंडळींजवळ सहावी शर्यत संपेतो शंभरांपैकी सरासरीने केवळ सव्वीस रुपये उरतात. त्यांत कोणी एक नाचत घरी जाईल. पण त्याच्या नाचाचा खर्च इतरांच्या घरातून आलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून तर या पैजांवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 40 टक्क्यांवर गेला आहे. जो व्यापारी आडत्याच्या अर्ध्या टक्क्याकरिता तासभर घासाघीस करतो, त्याने येथे डोळे मिटावेत याचे आम्हांस नवल वाटते.

कायद्याचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली लक्ष्मणन् यांच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्या निर्णयाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ते कौशल्य मुख्यत्वे घोड्याचे, जॉकीचे व शिकविणाऱ्याचे. उसनवारी करून तिकीट घेणाऱ्याच्या अंगी ते त्या निर्णयाने संचारत नाही. 1887 च्या मुंबईच्या जुगारविषयक कायद्याने परवानगीच्या मैदानाच्या कुंपणाआड लावलेली पैज जुगारातून वगळली. म्हणजे ज्या कृत्याबद्दल बाजारतळावरील हमालास पोलीस धरून नेतो, तेच कृत्य कुंपणाआड प्रतिष्ठित करमणूक ठरते. परकीय सरकारने आपल्या अंमलदारांच्या सोयीकरिता केलेली ही तफावत स्वराज्यातही जशीच्या तशी चालावी, हे आम्हांस शोभत नाही. सावकारी करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: 1872 च्या कराराच्या कायद्याच्या 30 व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात 1865 च्या कायद्याने पैजेस पोषक असे करारही त्याच पंक्तीस बसविले. पैजेकरिता दिलेले पैसे मागावयास कोर्टात जाणाऱ्याने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, हे बरे.

कोणी म्हणतील की, मग गावच्या यात्रेतील बैलगाड्याही बंद करा. तसे आम्ही म्हणत नाही. 2014 साली बंद पडलेल्या त्या शर्यती 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदाही ग्राह्य ठरविला. घाटात बैलांपुढे घोडी पळविणारा स्वार पाहावा, त्याचे कौतुक करावे, बक्षीस द्यावे. मात्र बैलास किंवा घोडीस क्लेश होऊ नयेत आणि घाटाच्या कडेस पैजेचा बाजार भरू नये, ही जबाबदारी यात्रा कमिट्यांनी पत्करली पाहिजे. मिळालेली मोकळीक अटींवर मिळालेली आहे, हे विसरून चालणार नाही.

भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळण्यास 2024 साल उजाडावे लागले. ज्याच्या टापांवर आम्ही इतिहासाच्या गप्पा मारतो, तो आज मुख्यतः धनगर बांधवांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन रानोमाळ फिरतो आहे, आणि त्यांनीच त्यास जगविले आहे. पेठेतून पैजेवर जाणाऱ्या पैशाचा काही अंश जर या जातीच्या चांगल्या घोडीस बक्षीस देण्यात, शिंगरांच्या वैरणीत, किंवा पशुवैद्याच्या फीत खर्च झाला, तर त्या पैशाचा मोबदला या तालुक्यांतच राहील.

तेव्हा ‘उद्या कोणता घोडा?’ या प्रश्नास आमचे उत्तर असे: मैदानावर कोणता घोडा पुढे येईल हे आम्ही सांगू शकत नाही, पण पैसा कोणाकडे जाईल हे खात्रीने सांगू शकतो, आणि तो वाचकांकडे येणार नाही. शर्यत पाहावयाची असेल तर खुशाल जावे, घोड्यास शाबासकी द्यावी, आणि परतीचे भाडे खिशात शाबूत ठेवून दौंडची गाडी धरावी.