भूकंपग्रस्त कारागिराला गाठोडे नको, धंदा हवा

कुठेही धरणी हलली की आम्ही कापडवाले पहिले काम करतो ते गाठोडी बांधण्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाही अंधेरी-घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हेच झाले. नियत नेक होती, यात शक नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. गणपती विसर्जन करून झोपलेली माणसे झोपेतच गाडली गेली. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार लोक दगावले. अशा वेळी पहिले आठ-पंधरा दिवस अन्न, दवा आणि अंगावर कपडा लागतोच.

त्यानंतर काय, हा आमचा सवाल आहे.

सरकारने ५२ गावे नव्या जागी वसविली. घराचे माप ठरले ते शेतजमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यापुढे ७५०. शेतीच्या मुलखात हा हिशेब सरकारला सोयीचा वाटला असेल. परंतु शिंपी, पिंजारी, मणियार यांच्या नावावर शेत कुठले? त्यांचे घर हाच कारखाना आणि तेच गोदाम. २५० फुटांत मशीन ठेवावी की मुले निजवावीत?

आता कच्छचे पाहा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि अजरखचे रंग बिघडू लागले. तिथले खत्री छपाईवाले नुसत्या घरावर राजी झाले नाहीत. भुजजवळ कामाला योग्य पाण्याची जागा पाहून त्यांनी अजरखपूर हे नवे गाव वसविले. आधी धंद्याचे पाणी, मग घर! आज त्यांचा माल परदेशात जातो.

आमच्या व्यापारी मंडळांनी यातून काही घ्यायचे असेल तर ते एवढेच: जुन्या साड्यांचा ढीग पाठविण्यापेक्षा एक शिलाई मशीन आणि दोन तागे उधारीवर पाठवा. त्या भागातील गिऱ्हाईकाची जुनी बाकी वर्षभर मागू नका. (वसुलीत आपण किती चपळ असतो, ते सांगायला नको.) मदतीची रक्कम जमली की ट्रक भरण्याआधी त्या तालुक्याच्या कापडवाल्याला फोन करावा. कोणाची मशीन दबली, कोणाचा माल मातीत गेला, कोणाची बाकी कुठे अडकली आहे, हे त्याच्याइतके तहसीलदारालाही ठाऊक नसते.