कुठे फेडशील हे पाप?

कुणी कुणाचा घात केला की आपल्याकडे तोंडून निघतं, "कुठे फेडशील हे पाप?" रागाच्या भरात विचारलेल्या या प्रश्नाला कुणी उत्तर मागत नाही. मला मात्र तो खराखुरा प्रश्न वाटतो. फेडायचं असतं ते कर्ज. पापाला तेच क्रियापद लावणाऱ्या मराठीला पक्कं ठाऊक आहे, की पाप म्हणजे कुणाचं तरी देणं. आणि ती विचारते 'कुठे'. कर्म, पश्चात्ताप आणि क्षमा यांवर आपल्याकडे जी तीन उत्तरं सर्रास दिली जातात, ती तिन्ही या 'कुठे'पाशी चुकतात.

पहिलं उत्तर: काही करायला नको, कर्म आपला हिशेब आपण करतं.

या मतासाठी आमच्या मनमाडात एक दाखला हमखास दिला जातो. २५ जानेवारी २०११ रोजी गावाजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंच्या परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. इंधनातली भेसळ दिसली म्हणून त्यांनी गाडी थांबवली, एवढाच त्यांचा गुन्हा. मुख्य आरोपीही त्याच आगीत भाजला आणि काही दिवसांतच मरण पावला. "पाहिलंत? केलेलं इथेच फेडावं लागतं," हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकलं आहे.

बोलणाऱ्यांची चीड खरी असते, पण त्यांचा तर्क घातक आहे. भाजून मरणं हे जर कर्माचं फळ, तर त्याच आगीत आधी जळालेल्या सोनवण्यांचं काय? त्यांचं कोणतं पाप शोधायचं? एकाच आगीतल्या एका मरणाला न्याय म्हणायचं आणि दुसऱ्याला अन्याय, हे कर्माचा नियम सांगत नाही, आपली माणुसकी सांगते. मग श्रेयही माणुसकीलाच द्यावं. आणि आरोपीच्या मरणानं सोनवणे कुटुंबाचं काय फिटलं? न्यायालयासमोर त्याला जाब विचारण्याची वाट तेवढी बंद झाली.

हा तर्क एका आगीपुरता थांबत नाही, हेही याच गावाला माहीत असायला हवं. फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी तिथे सांगितलं आणि आयुष्यभर गँगमन म्हणूनच राबणाऱ्या, वर चढायची आशा नसलेल्या माणसांची व्यथा मांडली. त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या काय सांगण्यात आलं होतं? गेल्या जन्मीचं भोगताय, सोसा. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना मुळातूनच नाकारली. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून 'कर्म' म्हणणं सोपं असतं, कारण त्यात आपल्या पदरचं काहीच जात नाही.

दुसरं उत्तर: तीर्थाला जा.

आमचं स्टेशन याच उत्तराच्या वाटेवर आहे. शिर्डीचे, नांदेडचे, नाशिक-त्र्यंबकचे यात्रेकरू इथे गाडी बदलतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल मला करायची नाही, कारण मी स्वतः त्या वाटेनं गेलो आहे.

त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे तेव्हा नळ पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी यायचा. अशा गावात पाण्याची मोटार ही घरातली दागिन्याइतकी जपायची वस्तू. ऐन उन्हाळ्यात आमची मोटार चोरीला गेली. शेजारचा एक पोरगा आदल्या दिवशी आमच्या अंगणात येऊन गेला होता. स्टेशनजवळच्या एका दुकानात तो कामाला होता. मी तिथे गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटलं. तो फक्त "दादा, मी नाही" म्हणाला. मालकानं त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. दोन महिन्यांनी कळलं, मोटार आमच्याच नात्यातल्या एकानं नेऊन विकली होती.

मी त्या पोराकडे गेलो नाही. शिर्डीला पायी गेलो. पाय सुजले, रात्री रस्त्याच्या कडेला झोपलो, समाधीसमोर रडलो. परतताना अगदी हलकं वाटलं. आणि तो तेव्हा काम शोधत फिरत होता. माझं ओझं उतरलं, त्याचं होतं तिथेच होतं. फेडलं मी शिर्डीला, देणं होतं शेजारच्या घरात.

आपलं जुनं धर्मशास्त्रही मला इतक्या स्वस्तात सोडत नाही. चोरीच्या प्रायश्चित्तात आधी वस्तू ज्याची त्याला परत करायची आणि मग व्रत, असा क्रम मनुस्मृतीतसुद्धा आहे. मी त्याची अब्रू नेली होती. ती परत न करताच व्रत उरकलं होतं.

तिसरं उत्तर नव्या काळाचं: स्वतःला माफ करा, पुढे चला. व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या सुविचारांतून ते रोज भेटतं. पश्चात्तापानं खंगून स्वतःच्याच जिवावर उठलेल्या माणसाला आधार द्यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण कर्ज घेणाऱ्यानंच फेडल्याची पावती फाडायची, ही कुठली रीत? क्षमा करण्याचा हक्क ज्याला लागलं त्याचा. तो हक्कही आपणच घेतला, तर आपण त्याला दुसऱ्यांदा लुबाडतो.

मग फेडायचं कुठे? ज्याचं देणं त्याच्या दारात.

सहा वर्षांनी मी त्याच्या दारात गेलो. त्यानं पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी सगळं बोललो, हात जोडले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, हे तुम्ही मला काय सांगताय? मी चोरी केली नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही दुकानात बोलला होतात. तिथे सांगा."

माझ्या सगळ्या वाचनानं मला जे शिकवलं नव्हतं, ते त्या दोन शब्दांत होतं. माफी मागायला जातानाही मी आडोसा शोधला होता. आरोप चव्हाट्यावर आणि माफी घरात! जिथे मोडलं तिथेच जोडायला हवं. चारचौघांत गेलेली अब्रू चारचौघांतच परत करावी लागते.

यावर आक्षेप येईल: ज्याला दुखावलं तो हयातच नसेल, किंवा त्याला आपलं तोंडही पाहायचं नसेल, तर? आक्षेप खरा आहे. त्याच्या दारात बळजबरीनं उभं राहणं हाही छळच. अशा माणसानं अंगुलिमालाची कथा आठवावी. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा तो दरोडेखोर बुद्धांकडे येऊन भिक्षू झाला. पण पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याला लागले, डोकं फुटलं, भिक्षापात्र मोडलं. बुद्धांनी त्याला सांगितलं, सहन कर. 'मी आता बदललो आहे, मला मारू नका' असं म्हणायचा हक्क त्याला मिळाला नाही. तरी त्यानं दगड उचलला नाही आणि वाटही सोडली नाही. क्षमा मिळाली नाही तरी बदललेलंच राहायचं, याहून खरा पश्चात्ताप मला माहीत नाही.

कर्म हा शब्द मी टाकून देत नाही. त्याचा मूळ अर्थ 'केलेलं' एवढाच आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी एका प्रकरणाच्या नावातच कर्मविपाकाशेजारी आत्मस्वातंत्र्य ठेवलं. केलेलं पुसता येत नाही, पण पुढचं करणं आपल्या हातात असतं. पसायदानातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागणं आहे. माणूस बदलतो, हा विश्वास आपल्या मातीतलाच आहे. मात्र 'कर्म' हा शब्द आपल्या हाताकडे पाहून उच्चारायचा, दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहून नाही.

मी त्या दुकानात गेलो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. जुना मालक वारला होता. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांपैकी कोण कुठे, काही पत्ता नाही. शेजारचा पानवाला तेवढा तोच होता, आणि मालकाचा मुलगा. रस्त्यावर उभं राहून, ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी त्यांना सांगितलं, की त्या पोरानं चोरी केली नव्हती, मी खोटं बोललो होतो. पानवाला म्हणाला, "फार उशीर केलात."

केलाच. त्या दिवशी ऐकणाऱ्यांतले दोनच उरले होते. बाकीच्यांच्या मनात तो अजून चोर आहे आणि ते देणं आता फिटणार नाही. त्यानं मला माफ केलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तो प्रश्न माझा नाही. रस्त्यात भेटला की तो "दादा" म्हणतो, आणि मी थांबतो.