घरावरचा बोजा

बँकेत घर तारण घेताना आम्ही वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवत असू. घरावर कुणाचा बोजा आहे ते त्यातून कळे; घराने काय लपवले आहे ते कळत नसे. ते काम झपाटलेल्या घरांच्या कथा करतात. १८५६ साली अमेरिकेत मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने, मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून, तिला स्वतःच मारले. त्यावरून सुचलेल्या टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये (१९८७) मारलेली मुलगीच घर झपाटते, आई जितके विसरू पाहते, तितकी ती परतते. आमच्या घरीही एका आत्याचे नाव कुणी काढत नसे. मी विचारायचे ठरवले, तोवर सांगणारे कुणी उरले नव्हते. वाचकहो, तुम्ही वेळेवर विचारा. न फेडलेला बोजा वारसांकडेच येतो.